देह कोणाचा? : नेझा आणि चिलया बाळ

लोककथेचे रूपांतर होताना ‘मूळ’ किती उरले याची मोजदाद आपल्या समीक्षेत पुष्कळ होते. कथेतील गाठ कोठे सैल झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नेझा या चिनी बालदेवतेवरील ॲनिमेशनपट त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. मराठी अभ्यासकाला ही देवता सर्वस्वी परकी नाही. भागवताच्या दशमस्कंधात बालकृष्ण ज्याला वृक्षरूपातून सोडवितो, तो कुबेरपुत्र नलकूबर बौद्ध तांत्रिक ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला आणि तेथे नेझा झाला, हे मायर शहार यांनी सविस्तर दाखविले आहे. कुबेराच्या, म्हणजे वैश्रवणाच्या, हातातील स्तूपही नेझाचा चिनी पिता ली जिंग याच्या हाती आला.

मिंगकालीन ‘फंगशन यान्यी’ या कादंबरीत नागराजाच्या पुत्राला मारल्याचा दोष आईबापांवर येऊ नये म्हणून नेझा स्वतःचे अस्थिमांस कापून त्यांना परत करतो. ऋण फिटले, नाते संपले. पुढे पिता त्याचे देऊळ मोडतो. कमळापासून नवा देह मिळताच मुलगा बापाच्या जिवावर उठतो, आणि त्याला आवरण्यासाठीच तो स्तूप बापाला दिला जातो. शांघाय येथे १९७९ साली झालेल्या चित्रपटात हा देहत्याग निर्भीडपणे आला आहे. २०१९ च्या ‘नेझा’मध्ये मात्र पिताच मुलासाठी स्वतःचा जीव देऊ करतो. २०२५ च्या उत्तरार्धाने तर ॲनिमेशनपटांच्या कमाईचे तोवरचे सारे विक्रम मोडले. हा प्रेमळ बाप लोकांना आवडला यात नवल नाही. पण बाप इतका निर्दोष झाल्यावर मुलाने देह परत तरी कशासाठी करावा? तो प्रसंगच मग उरत नाही. प्रत्येक पिढी कथा बदलतेच, हे समर्थन येथे फार सोपे वाटते.

आपल्याकडे याच प्रश्नाचे उलटे उत्तर आहे. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’त अतिथीच्या इच्छेसाठी श्रियाळ-चांगुणा चिलयाला मारतात, चांगुणा त्याचे मस्तक उखळात कांडते. चिलया तक्रार करीत नाही. नेझा देह परत करून मोकळा होतो. चिलयाचा देह आईबापांचाच राहतो, आणि तो परत मिळतो तोही शिवाच्या कृपेने.

तुकोबांच्या पालखीचा देहूहून निघाल्यावर पहिला मुक्काम जेथे पडतो, त्या आकुर्डीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. रात्रपाळी करून एम. ए. करणारा, पगारातील वाटा गावी पाठविणारा विद्यार्थी ‘ऋण’ हा शब्द आपल्यापेक्षा अधिक जाणतो. त्याच्यापुढे चिलयाची कथा ‘अतिथिधर्माचा महिमा’ म्हणून ठेवणे, हेही एक सौम्यीकरणच होय. फक्त ते पडद्यावर न होता वर्गात होते.

उद्या कोणी चिलयावर ॲनिमेशनपट काढला, तर पहिली कात्री उखळावर लागेल. लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत तरी श्रियाळाच्या औदार्यावर टीप न मागता चांगुणेच्या त्या उखळाविषयी विचारावे.