दात काढण्याआधी हाडाचं बोला

‘काढून टाका एकदाचा, पुढचं पुढे बघू.’ ठणक्याने रात्र जागून काढलेला पेशंट असं म्हणणारच. डॉक्टरने मात्र पुढचं तेव्हाच बघायला हवं. कारण त्या जागी पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचं दाताचं कृत्रिम मूळ, बसेल की नाही, हे बरंचसं दात काढतानाच ठरतं.

दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला, की शरीर ते शोषून घेऊ लागतं. दाढांच्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्यावर येऊ शकते. त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते. हाडाची बाहेरची, ओठ-गालाकडची भिंत आधी खचते. पुढच्या दातांपाशी तर ती बहुधा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर जाडीचं. त्याच्या भोवतीही हाड हवंच. पैसे जमवून दोन वर्षांनी आलेल्या माणसाला मग ऐकावं लागतं, ‘आधी हाड वाढवावं लागेल.’ म्हणजे आणखी एक शस्त्रक्रिया, आणखी खर्च.

हे बऱ्याच वेळा टाळता येतं. भिंती न मोडता दात अलगद काढायचा, खड्डा साफ करून त्यात बोन ग्राफ्ट (हाडाला आधार देणारे दाणे) भरायचं, वर मेम्ब्रेन (पातळ पडदा) लावायचं आणि साधारण ४ ते ६ महिने थांबायचं. याने झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. त्यामुळे ‘हाड जसंच्या तसं राहील’ अशी हमी कुणी देत असेल, तर जरा जपून.

सरसकट सगळ्यांना ग्राफ्ट सांगणंही चूकच. अक्कलदाढ काढली आणि तिथे दात बसवायचाच नाही, तर बहुधा त्याची गरज नसते. भिंती शाबूत असतील, तर काही वेळा त्याच दिवशी इम्प्लांटही बसवता येतं.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात क्वचितच बोलली जाते. ग्राफ्टचे दाणे अनेकदा गाईच्या हाडापासून केलेले असतात; मेम्ब्रेनमधलं कोलॅजन गाईचं किंवा डुकराचं असू शकतं. कृत्रिम पर्यायही मिळतात. आपल्याकडे अनेकांना हा प्रश्न औषधापेक्षा मोठा वाटेल. तोंडात काय भरणार, हे पेशंटला आधी कळलंच पाहिजे.

म्हणून संमतीपत्रावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: ग्राफ्ट का, कशाचं आणि कितीला. हे तिन्ही ऐकून पेशंट ‘नको’ म्हणाला, तरी चालेल. न विचारता त्याच्या वतीने ‘नको’ ठरवणं मात्र चालणार नाही.

(लेखक दंतवैद्य आहेत.)