फळ्यावरचा नमुना आधी पुसा




दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात दोन रेघांचे पक्षी. मूल कोकणातले असो की विदर्भातले, चित्रकलेच्या तासाला बहुधा हेच चित्र काढते. पंचक्रोशीत डोंगर नाही आणि नारळ फक्त देवळात दिसतो, अशा गावातही! मुलांना दुसरे काही सुचत नाही, असे यावर सर्रास म्हटले जाते. पण पहिलीपासून फळ्यावर नमुना काढून ‘बघून काढा’ म्हटले, की दुसरे काही सुचायचे कारणच उरत नाही.

‘आधी हात वळू द्या, कल्पकतेचे मागाहून बघू,’ असे मानणारे कलाशिक्षक पुष्कळ आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत हयात गेलेल्यांना ते पटणे स्वाभाविकही आहे. वस्तुचित्र, अक्षरलेखन, भूमिती यांना हात वळावाच लागतो. मात्र त्या परीक्षा हायस्कुलातल्या मुलांच्या. त्यांची शिस्त दुसरी-तिसरीच्या वर्गात आणणे चूक आहे.

‘आधी हात’ या समजुतीचे उत्तर महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळ, मिळून चुकले आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि 1962 पर्यंत नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत कला शिकवत राहिले. स्वतः उत्तम चित्रकार आणि कुंभकार. फळ्यावर देखणा नमुना काढणे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. तरीही मोठ्यांच्या चित्रांची नक्कल मुलांवर लादू नये, ही त्यांची ठाम भूमिका होती. मुलांची चित्रे त्यांनी अभ्यासाचा विषय मानली. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेले त्यांचे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक त्याच अनुभवावर उभे आहे. आपल्या किती अध्यापक विद्यालयांत ते उघडले जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

मुलांची चित्रे अशीच अभ्यासणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियातले कलाशिक्षक. पुढे अमेरिकेत गेल्यावर 1947 मध्ये त्यांनी ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हा ग्रंथ लिहिला. सात ते नऊ वर्षांचे मूल दिसते तसे नव्हे, तर ठाऊक असते आणि वाटते तसे काढते, हे त्यांनी त्यात सविस्तर मांडले. बसच्या पत्र्यातून आतले प्रवासी पायांसकट दिसतात. आजी घरापेक्षा उंच होते, कारण त्या घरात सर्वांत महत्त्वाची तीच असते. आणि आपण लाल पेनाने विचारतो, ‘आजी दारातून आत कशी जाणार?’ पुढच्या चित्रात आजी मापात येते. त्यानंतर ती चित्रात येईनाशी होते. आधीच छापलेल्या आकृतीत रंग भरायच्या पुस्तकांनाही लोवेनफेल्ड यांचा विरोध होता. गणेशोत्सवातल्या रंगभरण स्पर्धांच्या आयोजकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

मग शिक्षकाने हाताची घडी घालून बसायचे का? मुळीच नाही. साठ मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास असताना ‘काढा हवे ते’ म्हणणे ही निव्वळ टाळाटाळ होय. त्या वर्गात पुन्हा डोंगरच उगवतात. लोवेनफेल्ड यांचा भर चित्रापूर्वीच्या बोलण्यावर होता. समजा, विषय आहे ‘दळण आणायला गेलो तेव्हा’. गिरणीत कोण कोण होते? डबा कुणाच्या डोक्यावर होता? गिरणीवाल्याच्या भुवयांवर काय दिसत होते? पट्टा कुठून कुठे फिरत होता? पाच मिनिटे असे प्रश्न विचारले, की वर्गात एकासारखी दुसरी गिरणी निघत नाही. मुले काढत असताना शिक्षकाने कुणाच्या कागदाला हात लावू नये. चित्र झाल्यावर ‘हे काय काढलंस?’ ऐवजी ‘सांग बघू, काय चाललंय इथे’ असे विचारावे. मूल जे सांगेल त्यातले एक वाक्य तारखेसह कागदामागे लिहून ठेवावे. महागडे रंग नसले तरी गेरू, हळद, कोळसा आणि रद्दी कागद कुठेही मिळतात.

या मार्गातही खाचखळगे आहेत, हे कबूल करायला हवे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी मुक्त कलावर्ग सुरू केला आणि त्याची कीर्ती युरोपभर झाली. पण तिथली चित्रे एकाच वळणाची दिसतात, असा आक्षेप टीकाकारांनी घेतलाच. शिक्षकाची आवडनिवड न बोलताही मुलांपर्यंत पोहोचते. तेव्हा भिंतीवर नेहमी त्याच चार ‘हुशार’ मुलांची चित्रे लावणे हासुद्धा एक नमुनाच.

खरी गोम नोंदवहीत आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कलेसाठी वर्णनात्मक नोंद करायची असते. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात ‘चित्रात सुबक रंग भरतो’ यासारखी तयार वाक्ये उतरवली जातात. मूल बदलते, वाक्य तेच राहते. कागदामागचे वाक्य हीच नोंद धरली, तर शिक्षकाचे कामही वाढणार नाही.

आता शासनाबद्दल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत अंशकालीन कला निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, तीही पटसंख्या शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी काहीच नाही. म्हणजे ज्या वयात मूल आपणहून चित्र काढते, नेमके तेच वय कायद्याने वगळले आहे. राज्याने स्वतःच्या अधिकारात शाळासमूहाच्या केंद्राच्या पातळीवर, पाच-सात शाळांमागे एक, असे प्राथमिकचे कलाशिक्षक नेमावेत. ते होईपर्यंत वर्गशिक्षकांच्या प्रशिक्षणात कलेला एक पूर्ण दिवस द्यावा आणि त्या दिवशी शिक्षकांच्याच हातात गेरू आणि कागद द्यावा.

आपला,
एक कलाशिक्षक, वर्धा