दारावर येणारीचे रक्षण कोणी करावे?

साथीच्या काळात घरात बसून राहणे हेच ज्यांचे कर्तव्य ठरते असे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांस घरात बसता यावे म्हणून ज्यांस घराबाहेर पडावे लागते असे लोक थोडे असतात. सन २०२० च्या मार्चात करोनाची साथ देशात पसरू लागली तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या एकदम ध्यानात आली. २२ मार्चच्या सायंकाळी गच्च्यांवरून थाळ्या व टाळ्या वाजल्या, ५ एप्रिलच्या रात्री दिवे लागले, ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून फुले पडली. कृतज्ञता ही चांगली वस्तू आहे व तिची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु श्वासावाटे शिरणारा विषाणू फुलांनी अडत नाही, हे सांगण्यास वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या दिवशी टाळ्या वाजल्या त्या दिवशी खेड्यापाड्यांतून घरोघर चौकशीस जाणाऱ्या किती स्त्रियांच्या तोंडावर धड मुखपट्टी होती, हा प्रश्न त्या गजरात कोणी विचारला नाही. पदराचे टोक नाकाशी धरून पाहणी करणाऱ्या आशा सेविका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस आम्ही काय म्हणतो ते निराळे समजावून द्यावयास नको.

डॉक्टर व परिचारिका यांच्या संकटाची दखल उशिराने का होईना, घेतली गेली. कारण त्यांच्या पाठीशी रुग्णालय नावाची एक संस्था उभी असते. आमचे लक्ष आज ज्यांच्याकडे आहे त्यांस भिंतही नाही आणि छप्परही नाही. आशा सेविका, अंगणवाडीची बाई, पाहणीच्या कामास जुंपलेला शिक्षक, पहाटे रस्ता झाडणारा व घरोघरचा कचरा उचलणारा कामगार, ही सर्व मंडळी रोग जेथे असेल तेथे त्याच्या दारी जातात. रोगी रुग्णालयात येतो तेव्हा तो रोगी आहे हे ठाऊक असते. दारावर जाणारीस मात्र समोर उभा असलेला मनुष्य रोगी आहे की निरोगी, हेच शोधून काढावयाचे असते. म्हणजे धोका अधिक आणि साधन कमी, असा हा उफराटा व्यवहार आहे.

महाराष्ट्रास हा व्यवहार नवा नाही. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि थोड्याच दिवसांत शहर ओस पडू लागले. त्या वेळी म्युनिसिपालिटीस सर्वांत मोठी धास्ती कशाची पडली असेल, तर मैला वाहणारे व रस्ते झाडणारे आपले कामगार शहर सोडून निघून जातील याची. ते गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांस पुरते कळून चुकले होते, आणि रोग्यांस सक्तीने उचलून नेण्याचे नियम सैल करण्याच्या कारणांत ही धास्तीही होती. ज्यांची सावलीही एरवी नकोशी, त्यांच्या एका पावलावर अवघ्या राजधानीचे प्राण टांगलेले होते! परंतु धास्ती ओसरल्यावर त्या कामगारांच्या घरांचे, पाण्याचे व औषधपाण्याचे काय झाले, हा विचार कोणास सुचला नाही. सव्वाशे वर्षांनी करोना आला तेव्हाही झाडू त्याच जातींच्या हाती होता, आणि पुष्कळ ठिकाणी तो कंत्राटदाराच्या हजेरीवर होता. कायम नोकरास हातमोजे मिळावेत आणि त्याच गाडीवरच्या कंत्राटी माणसाने उघड्या हातांनी तोच कचरा उचलावा, असला भेद विषाणू पाळीत नाही. तो आम्हीच पाळतो.

प्लेगच्या त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुंढव्याहून एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचल्या, त्यांस स्वतःस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या प्रतिमेस हार घालण्याची चाल आता सर्वत्र पडली आहे व ती योग्यच आहे. मात्र जी स्त्री आज त्याच कामासाठी त्याच तऱ्हेने दारोदार जाते, तिनेही तसेच मरणास सिद्ध असावे, असा जो एक अव्यक्त समज त्या हारामागे दडलेला असतो, तो आम्हांस घातक वाटतो. आत्मार्पण ही ज्याची त्याने करावयाची गोष्ट आहे. ती दुसऱ्याकडून गृहीत धरू लागलो की तिचे नाव बदलते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सन २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघाले तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक याप्रमाणे आशा सेविका नेमण्याचे ठरले. ती त्याच गावची रहिवासी असावी, बहुधा विवाहित, विधवा वा परित्यक्ता असावी, असा नियम. योजना दूरदृष्टीची होती, यात संशय नाही. सन १८९७ साली पुण्यात सरकार लोकांच्या दारी गेले ते गोऱ्या शिपायांच्या बुटांनिशी. त्याचा परिणाम काय झाला तो इतिहास शाळेतल्या पोरासही ठाऊक आहे. सन २०२० साली सरकार दारी गेले ते गावच्याच सुनेच्या पायांनी. तिला दार उघडले गेले, तिच्यापाशी ताप लपविला गेला नाही, मुंबई-पुण्याहून परतलेला मुलगा घरात आहे हे तिला सांगितले गेले. हा विश्वास कोणत्याही कायद्याने विकत मिळाला नसता. देशभर अशा सुमारे दहा लाख स्त्रिया, आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांचा जाहीर गौरव केला.

परंतु या योजनेत आरंभापासून एक खोट राहून गेली. सरकारी कागदोपत्री आशा ही नोकर नाही. ती स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. वरवर पाहता हा केवळ पैशाचा प्रश्न वाटतो. तो तसा नाही, आणि आमच्या आजच्या लेखाचे प्रयोजन हेच आहे. नोकराच्या जिवाची जबाबदारी धन्यावर असते. त्यास काम करताना इजा झाली तर भरपाई, आजार आला तर पगारी रजा, धोक्याचे काम असेल तर साधने, हे सर्व त्या एका नात्यातून निघते. जेथे धनीच नाही तेथे मुखपट्टी कोणी द्यावी? तालुक्याने म्हणावे जिल्ह्याने द्यावी, जिल्ह्याने म्हणावे ग्रामपंचायतीने घ्यावी, आणि सेविकेने शेवटी आपल्याच पैशाने घ्यावी! करोनाच्या कामासाठी केंद्राने तिला महिन्यास १००० रुपये जादा ठरविले. म्हणजे दिवसास सुमारे तेहतीस रुपये. ती स्वतः आजारी पडून घरात अडकली तर कामागणिक मिळणारा मोबदलाही थांबे. अशा स्थितीत अंगात कणकण असता ती बाई घरी राहील की बाहेर पडेल? बाहेर पडेल, आणि मग रोग शोधावयास गेलेली व्यक्तीच तो नकळत वाटीत जाईल. तेव्हा तिच्या पगारी रजेकडे भूतदयेच्या दृष्टीने पाहू नये. ती रजा हे गावाच्या रक्षणाचे साधन आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा सेविकांनी संप केला तेव्हा कित्येकांनी भर साथीत संप कसा म्हणून नाके मुरडली. आम्ही त्यांस एवढेच विचारतो, की साथ नसताना त्यांचे गाऱ्हाणे कोणी ऐकले होते काय?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राने ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना काढली व तीत आशा सेविकांचा समावेश केला. महाराष्ट्राने मे महिन्यात इतर खात्यांतील करोनाकामावरील लोकांसाठी तितक्याच रकमेचे कवच जाहीर केले. जानेवारी २०२१ मध्ये लस आली तेव्हा आरोग्यसेवकांस ती सर्वांच्या आधी मिळाली, हे तर फारच उत्तम झाले. तथापि हा विमा मरणाचा होता, आजाराचा नव्हता. पंधरा दिवस अंथरुणास खिळून, कर्ज काढून जी बरी झाली तिला त्यातून छदामही मिळावयाचा नव्हता. शिवाय मृत्यूनंतर रोगाच्या तपासणीचा दाखला आणि नेमणुकीचा दाखला, असे दोन्ही कागद लागत. ज्या आडगावात तपासणीच वेळेवर होत नाही तेथल्या विधुराने ते कोठून आणावेत, हे योजना लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

मारहाणीसंबंधीही हीच कथा. कोण बाहेरगावाहून आला, कोणास विलगीकरणात पाठवावयाचे, याची नोंद करणाऱ्या सेविकांस काही ठिकाणी शिव्या व धक्केही खावे लागले. सन १८९७ चा साथरोगांचा कायदा जुना व प्रसिद्ध आहे. त्यात सद्हेतूने काम करणाऱ्याविरुद्ध दावा चालू नये अशी तजवीज होती. म्हणजे अंमलदारास कोर्टापासून अभय होते. दारावर उभ्या असलेल्या सेवकास दगडापासून अभय मिळावयास २२ एप्रिल २०२० चा वटहुकूम निघावा लागला. मध्ये १२३ वर्षे गेली. त्या वटहुकुमाने, व पुढे सप्टेंबरात झालेल्या कायद्याने, अशा हिंसेस तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैद ठरविली. कायदा कडक आहे. पण ज्या पाड्यावर पोलीस ठाणे दहा कोसांवर आहे तेथे दोघी सेविकांस जोडीने पाठविणे व सरपंचास त्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी हिंडविणे, हे त्या कलमापेक्षा अधिक उपयोगी पडते असे आम्हांस वाटते.

रक्षणाचे उपाय फार खर्चाचे आहेत असा आक्षेप येईल. ते तसे नाहीत. चेहऱ्यास नीट बसणारी चांगली मुखपट्टी व ती बदलण्यापुरता साठा. विचारपूस घराच्या आत न जाता अंगणात, वाऱ्याच्या बाजूस उभे राहून करण्याची मुभा. विदर्भाच्या वैशाखात प्लास्टिकचा झगा घालून हिंडविण्याऐवजी सकाळच्या प्रहरी पाहणी. आणि जिच्या दोन खोल्यांच्या घरात वृद्ध सासू आहे तिला गरज पडल्यास गावच्या शाळेत निराळी राहण्याची सोय. झाडूवाल्यांच्या बाबतीत तर निम्मे काम नागरिकांच्याच हाती आहे. विलगीकरणातील घराचा कचरा पिवळ्या पिशवीत निराळा द्यावा, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० मध्येच सांगितले होते. वापरलेल्या मुखपट्ट्या भाजीच्या देठांत मिसळून खाली ठेवणारे सुशिक्षित लोक आम्ही पुष्कळ पाहिले, आणि त्यांतील काहींच्या टाळ्या सर्वांत मोठ्याने वाजत होत्या.

सन २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने योजनांवर काम करणाऱ्या अशा सर्व स्त्रियांस कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. त्यानंतर मोबदला वेळोवेळी वाढला. मान्यतेचा प्रश्न मात्र तसाच पुढे ढकलला गेला, आणि त्या ढकलण्यातच करोना येऊन गेला. पुढली साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. ती येईल तेव्हा प्रथम कोणाच्या पायांनी गावात हिंडावे लागेल ते मात्र आजच ठाऊक आहे. म्हणून आमची सूचना अशी की, राज्याने साथ नसतानाच प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सहा महिने पुरेल इतका साधनांचा साठा ठेवावा, त्याचा हिशेब दरवर्षी जिल्हा परिषदेपुढे मांडावा, आजारपणातील मोबदला कापू नये, कंत्राटी व कायम हा भेद रक्षणाच्या साधनांपुरता तरी मोडावा. आणि केंद्राने २०१३ ची ती शिफारस दप्तरातून बाहेर काढून तिच्यावर हो किंवा नाही असे एकदाचे उत्तर द्यावे.