मलपृष्ठाची नक्कल

गेल्या आठवड्यात एका शाळेनं ‘मी वाचलेले पुस्तक’ या स्पर्धेच्या वह्या तपासायला दिल्या. चार-पाच वह्या झाल्या आणि चिडचिड सुरू झाली. पुस्तकं वेगवेगळी, पण वाक्य एकच: लेखकाने वास्तव प्रभावीपणे मांडले आहे. कादंबरीबद्दल तेच, प्रवासवर्णनाबद्दल तेच, शास्त्रज्ञाच्या चरित्राबद्दलही तेच. काही वह्यांत तर मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला. मुलांवर माझा राग नाही. अभिप्राय असाच लिहायचा असतो, हे त्यांना आपणच शिकवलं.

डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. परभणीला तर वाचनाचं अगत्य जुनंच. बी. रघुनाथांनी इथं बांधकाम खात्यात नोकरी करत कविता-कादंबऱ्या लिहिल्या. १९९५ साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली इथं साहित्य संमेलन भरलं. इथल्याच आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा गावातल्या मुलांना स्वतःचं मत लिहायला भीती वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या गठ्ठ्यात एका मुलीची वही मात्र वेगळी निघाली. तिनं शेळीपालनाची पुस्तिका वाचली होती. चारा तोलून द्या असं पुस्तकात आहे, पण आमच्याकडं तराजू नाही. करडाला जन्मल्याबरोबर चीक पाजा हे आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, हे बरोबर आहे. एवढंच लिहिलं होतं. मी तिला पहिला नंबर दिला. त्यावर एक शिक्षक म्हणाले, ‘सर, ते काही साहित्य नाही.’

नसेल. पण पुस्तक आहे ना? आणि ते वाचून, घरच्या गोठ्याशी ताडून बघितलंय ना?

असं ताडून बघणारे वाचक मला आणखी एका ठिकाणी भेटतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मेला, खरीप मेळावा भरतो. तिथं माझी फेरी ठरलेली. विद्यापीठाच्या ‘शेतीभाती’ मासिकाचे अंक, दैनंदिनी, पुस्तिका घ्यायला भर उन्हात लोक उभे असतात. त्यांची बोलणी ऐकावीत. मागं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पुस्तिका हातात घेऊन मला सांगितलं, ‘सायेब, पुस्तक खरं हाय. पर ह्यातलं अंतर काळ्या रानाचं हाय. माझं रान मुरमाड. मुरमाडाचं येगळं पान पायजे व्हतं.’ शेजारचा लगेच म्हणाला, ‘औषधाचं प्रमाण पंपाला किती ते लिवा, हेक्टरी कोण मोजतंय?’ त्यावर दोघांत वाद पेटला आणि आणखी चौघं त्यात उतरले. एवढं बारकाईनं वाचणारी माणसं मी फार थोड्या साहित्यचर्चांत पाहिली.

हे बोलणं कुठंच नोंदलं जात नाही, याची मला खंत आहे. पुस्तिका लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या कानावर ते गेलं, तर पुढच्या आवृत्तीत मुरमाड रानाचं पान येईल, पंपाचं प्रमाण येईल. म्हणून विद्यापीठाला माझी मनापासून विनंती आहे: येत्या मेळाव्यात पुस्तकांच्या दालनात एक जाड वही ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं उतरवून घ्यायला कृषी पदवीचे दोन विद्यार्थी बसवा. आणि शेतकरी जसं बोलतो तसंच लिहा. शुद्ध करू नका.