नाक मोजणाऱ्यांचे ग्रंथ आपणही वाचले पाहिजेत

यूपीएससीची तयारी करणारी आपली काही मुले-मुली मानववंशशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतात. मॅलिनोव्स्की आणि त्याची ट्रोब्रियांड बेटे त्यांना तोंडपाठ असतात. पण बाबासाहेबांचा जातिसंस्थेवरील निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्याच वर्गात वाचला गेला, हे सांगितले की ती चकित होतात. दोष त्यांचा नाही. मी स्वतः वकील होईपर्यंत तो निबंध भाषण समजूनच वाचत होतो!

पंचविशीतल्या बाबासाहेबांनी त्यात सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तपासल्या आणि जातीतल्या जातीत लग्नाची सक्ती हेच जातीचे मूळ लक्षण असल्याचे दाखवले. यांपैकी रिस्ले हा नाकाच्या मापावरून माणसाची सामाजिक पायरी सांगणारा इंग्रज अधिकारी. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी नाकांच्या मापांचाच पुरावा घेतला आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष काढला. विरोधकाच्याच साक्षीदाराकडून आपली बाजू वदवून घेणे म्हणतात ते हे.

मला या शास्त्राकडे कोर्टाने ओढले. अनुसूचित जमातीच्या दाव्यात पडताळणी समिती अर्जदाराला कुलदैवत, लग्नाचे विधी, मयताचे संस्कार विचारते. यालाच अॅफिनिटी टेस्ट म्हणतात. शहराच्या वस्तीत वाढलेल्या मुलीची उत्तरे जुन्या नोंदींशी जुळली नाहीत, तर तिचा प्रवेश धोक्यात. १९९४ च्या माधुरी पाटील निकालाने ही तपासणी घालून दिली. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. मात्र ती रद्द झालेली नाही. म्हणून ते जुने ग्रंथ वकिलाने आणि विद्यार्थ्याने हाताळलेले असले पाहिजेत.

ते दुर्मिळ राहिलेले नाहीत. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड (१९१६) आणि एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यावरचे तीन खंड (१९२०-२२) इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. रॉबर्टसन यांचे 'द महार फोक' (१९३८) तर आपल्याच घरांविषयी आहे. भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण ही सरकारी संस्था १९४५ ची. कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या तिच्या 'पीपल ऑफ इंडिया' प्रकल्पात ४,६३५ समाजांची नोंद झाली. या संस्थेचे केंद्र नागपुरातच आहे, पण तिकडे आपली किती पावले वळतात?

वाचायचे मात्र डोळे उघडे ठेवून. रसेलच्या खंडांत अनेक प्रकरणांना जोडून माहिती पुरवणाऱ्यांची नावे दिली आहेत. त्यांत तहसीलदार आहेत, शाळा तपासनीस आहेत. ज्या जातीविषयी लिहिले, तिची साक्ष कितपत घेतली? प्रत्येक पानावर हा प्रश्न विचारावा लागतो. त्या पानांत तुच्छताही आहे, ती सोसावी लागते. पण त्याच पानांत आपल्या आज्या-पणज्यांची आडनावे, गावकीतली कामे आणि हक्क सापडतात, जे दुसरीकडे सहसा लिहिलेले नाहीत.

बाबासाहेबांच्या खंडांचा प्रश्न वेगळा. पहिल्या खंडात १९१६ चा निबंध आहे, सातव्यात 'द अनटचेबल्स'. या ग्रंथमालेची छपाई रखडल्याची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, यातच सारे आले. छापील प्रत मिळाली नाही तर संगणकावरून खंड उतरवून घेता येतात.

हे आताच का? केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी येत्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची मोजदाद झाली नाही. सर्व जातींचे आकडे शोधायला आजवर १९३१ कडेच जावे लागत आले. नव्या आकड्यांवर प्रबंध होतील, आयोग बसतील, कोर्टात प्रतिज्ञापत्रे पडतील. त्या वेळी तज्ज्ञ म्हणून पिंजऱ्यात कोण उभा राहील आणि त्याला प्रश्न कोण विचारील? बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली आपली मुलगी तोवर तयार होऊ शकते. निबंध छोटा आहे, विहारातल्या दोन रविवारच्या बैठकांत वाचून होतो.