फाटकाशी बेलिफ

दिवाळीच्या दिवसांत दाराशी कोण येत नाही? पोस्त मागायला पोस्टमन येतो, फराळाचे ताट घेऊन शेजारीण येते, पहिला सण म्हणून जावईबापू तर थाटात येतात. साऱ्यांचे स्वागत होते. ज्याचे नाव ऐकताच घरातली माणसे गप्प होतात असा पाहुणा एकच, आणि तो म्हणजे कोर्टाचा बेलिफ. बिचारा ऐन दिवाळीत येत नाही, कारण कोर्टांना सुट्टी असते. पण सुट्टी संपली की पिशवी घेऊन निघतोच.

कळंबला राहणाऱ्या एका स्नेह्यांनी या पाहुण्याविषयी मला नुकताच एक प्रश्न टाकला. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, निर्मळच्या पलीकडे, सुरूच्या बनाआड समुद्र असलेले हे गाव. पूर्वी वाडीला कुंपण घालीत ते गुरे शिरू नयेत म्हणून. आता वसई-विरारकडे फाटक, रखवालदार आणि नोंदवही असा सरंजाम असलेल्या वसाहती झाल्या. आमचे स्नेही अशाच एका सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणाले, "वकीलसाहेब, बेलिफाला आम्ही आत सोडले आणि त्या सभासदाने आमच्यावरच दावा ठोकला तर?"

मी म्हटले, "आत सोडल्याबद्दल तुमचे कोणी काही वाकडे करणार नाही. भीती बाळगायची ती अडवण्याची!"

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २०७ वे कलम पाहा. स्वतःवर किंवा दुसऱ्या कोणावर समन्स बजावले जाऊ नये म्हणून मुद्दाम अडथळा आणणे हा गुन्हा आहे. समन्स कोर्टात हजर राहण्याचे असेल, तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'दुसऱ्या कोणावर' हे शब्द सेक्रेटरींनी दोनदा वाचावेत. बेलिफ हा सरकारी नोकर. त्याच्या कामात आडवे येणाऱ्यासाठी २२१ वे कलम निराळे आहे. रखवालदार गरीब माणूस. तो कमिटीच्या हुकमाने फाटक लावतो आणि संकटात मात्र आधी तोच सापडतो.

बरे, एवढे करून सभासदाचे तरी भले होते का? मुळीच नाही. माणूस सापडला नाही किंवा त्याने कागद नाकारला, तर बेलिफ समन्सची प्रत दाराला चिकटवतो. तेही जमले नाही, तर कोर्ट वर्तमानपत्रात जाहीर समन्स काढू शकते. बजावणी झाली असे कोर्टाला पटले, की प्रतिवादीवाचून दावा पुढे चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. समन्स हाती पडले, तर कैफियत द्यायला तीस दिवस मिळतात. कोर्टाच्या परवानगीने नव्वदपर्यंत. ज्या शेजाऱ्याला वाचवायला आपण फाटक लावले, त्याचे राहते घरच वादात असेल, तर त्याची बाजू मांडण्याची वेळ आपणच दवडली असे होईल.

म्हणून काय, कोणीही 'कोर्टाचा माणूस' म्हणावे आणि आत जावे? तसेही नाही. ओळखपत्र मागा, समन्सवर सही आणि कोर्टाचा शिक्का आहे ना ते पाहा, वहीत नाव-वेळ लिहा, बरोबर माणूस द्या. २००२ च्या दुरुस्तीनंतर वादीलाही कोर्टाच्या परवानगीने समन्स स्वतः बजावता येते. तिथे शिक्का अधिकच निरखून पाहावा. फोनवरून 'तुम्हाला अटक झाली' म्हणून पैसे उकळणाऱ्या भामट्यांच्या या दिवसांत खात्री करणे हा कोणाचा अपमान नव्हे. मात्र "ते इथे राहतच नाहीत" अशी थाप मारू नये.

आणखी एक. रखवालदाराने किंवा मोलकरणीने समन्स सही करून घेऊ नये. कायद्याच्या लेखी नोकर म्हणजे कुटुंबीय नव्हे. घरातल्या सज्ञान माणसाने घेतले तर चालते. दिवाणी कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत तो सज्ञान माणूस पुरुषच लागे. फौजदारी समन्सात तर ही अट २०२४ मध्ये गेली. तोवर पदवीधर सूनबाई दारात उभ्या असल्या तरी कायद्याला त्या दिसत नव्हत्या!

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने, रखवालदार असलेल्या वसाहतींनी ओळख पटवणाऱ्या बजावणीदाराला आत सोडावे, असा कायदाच केला आहे. आपल्या कायद्यात फाटकाचा असा उल्लेख नाही. पण अडथळा तो अडथळाच.

कळंबपासून जवळच सोपारा. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाचे म्हणणे लोकांना कळावे म्हणून ते दगडावर कोरीत. आज कोर्टाचे म्हणणे कागदावर येते, आणि दाराला लावलेला तो कागद मुद्दाम काढून टाकणे हाही त्याच २०७ व्या कलमाखालचा गुन्हा. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत जाळी-जळमटे अवश्य काढा; तो कागद मात्र आधी वाचा आणि वकिलाकडे जा.