आपण सारे दत्तकच

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे कपडे, खाऊ आणि ब्लँकेटे गोळा करून एका बालगृहात जातात. केक कापला जातो, मुले गाणी म्हणतात, छायाचित्रे निघतात आणि दिवेलागणीपूर्वी आपण घरी परततो. निघताना एखादे मूल कोणाचे तरी बोट धरून फाटकापर्यंत येते. आपण हसत हसत ते बोट सोडवून घेतो. ही भेट वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या भेटीनेच अनाथांविषयीचे आपले कर्तव्य पुरे होते, या समजुतीविरुद्ध आम्हांला स्पष्ट बोलावयाचे आहे.

सहा वर्षांपूर्वी गडमुडशिंगीचे एक दांपत्य मिस्सा आटोपल्यावर आम्हांला भेटावयास आले. पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पत्नी शिक्षिका. लग्नाला दहा वर्षे झाली होती, मूल नव्हते. दत्तक घेण्याचे दोघांनी ठरवले होते. त्यांना केवळ आशीर्वाद हवा होता. तो आम्ही दिला. परंतु त्याच आठवड्यात त्यांच्या घरची वडील मंडळी आली. त्यांतील आजींनी एकच प्रश्न केला, "फादर, रगत कुणाचं, जात कुणाची, कुणाला ठावं?"

त्या क्षणी जे बोलावयास हवे होते ते आम्ही बोललो नाही. त्या दोघांना बोलावून आम्ही म्हणालो, "थोडे थांबा, घरच्यांचे मन वळू द्या." त्या 'थोडे'ची सहा वर्षे झाली. तेव्हा त्या दोघांच्या वयांची बेरीज 79 होती, आज ती 91 आहे. 2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज 85 पेक्षा अधिक चालत नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90 पेक्षा अधिक चालत नाही. आमच्या सल्ल्याला कोणी शहाणपण म्हणेल. आम्ही त्याला भ्याडपणा म्हणतो, आणि हा लेख त्याच्या प्रायश्चित्तादाखल लिहीत आहोत.

आजींचा प्रश्न केवळ आजींचा नाही. सुशिक्षित घरांत तो अधिक सभ्य भाषेत विचारला जातो इतकेच. तेथे 'आनुवंशिकता' म्हणतात, 'संस्कार' म्हणतात, 'पार्श्वभूमी' म्हणतात. आशय तोच. आमच्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांना याच प्रश्नाने गावकुसाबाहेर ठेवले होते. तो प्रश्न जेथे विचारला जाणार नाही असे घर मिळावे, हीदेखील त्यांची ख्रिस्तमंदिराकडून अपेक्षा होती. त्यांच्या नातवंडांनी तोच प्रश्न पाळण्याशी उभे राहून विचारावा, याहून मोठी विस्मृती कोणती?

श्रद्धेच्या दृष्टीने तर या प्रश्नाला जागाच उरत नाही. संत पौल रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आपल्या तारणाचे वर्णन करताना 'दत्तकपण' हाच शब्द योजतो. देवाचे पुत्र आणि कन्या आपण जन्माने नाही, त्याने आपल्याला स्वीकारले म्हणून आहोत. स्नानसंस्काराच्या दिवशी आपले रक्त कोणी तपासले नव्हते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आरंभीची वंशावळ अब्राहामापासून निघून दावीदावरून येऊन पोहोचते ती योसेफापाशी. आणि योसेफ तर येशूचा रक्ताचा पिता नव्हे! त्याने त्या बालकाचे नाव ठेवले, त्याला आपले म्हटले, म्हणून येशू दावीदाच्या घराण्याचा ठरला. रक्त हाच पुत्रत्वाचा एकमेव पुरावा मानावयाचा, तर शुभवर्तमानाचे पहिलेच पान आपल्याला फाडावे लागेल. 5 जानेवारी 2022 रोजी संत योसेफावर बोलताना दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी दांपत्यांना दत्तक घेण्यास घाबरू नका असे सांगितले, ते उगाच नव्हे. धर्मसभेचा कायदाही याबाबत निःसंदिग्ध आहे. नागरी कायद्यानुसार दत्तक घेतलेले मूल हे त्या आईबापांचेच मूल, असे त्याचे 110 वे कलम सांगते.

कोल्हापूरकरांना दत्तक हा शब्द परका नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांना 17 मार्च 1884 रोजी राणी आनंदीबाईंनी दत्तक घेतले आणि करवीरला शाहू महाराज लाभले. त्या दत्तकाचा आपण आजही अभिमान बाळगतो. तथापि तेथे गादीला वारस हवा होता. घराला मुलाची गरज होती. दुसरे उदाहरण पुण्याचे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे आश्रयास आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास पुढे दत्तक घेतले. तेथे मुलाला घराची गरज होती. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. जे फुले दांपत्याने दीडशे वर्षांपूर्वी, समाजाचा रोष पत्करून केले, त्यासाठी आपण अजून घरच्यांचे मन वळण्याची वाट पाहत आहोत!

कायद्याची सबब पूर्वी खरी होती. 1956 चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना लागू नव्हता. 1890 च्या कायद्याखाली आपल्याला फक्त पालक होता येई, आईबाप नव्हे. मूल सज्ञान झाले की ते नातेही कायद्याने संपे. बाल न्याय कायदा 2000 साली आला, 2006 साली त्यात दुरुस्ती झाली आणि मूल सर्वार्थाने आपले करण्याची वाट खुली झाली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले. आज 2015 चा कायदा लागू आहे. केंद्रीय दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची, समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात, मग क्रमाने मूल सुचवले जाते.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. "फादर, कुठे एखादे बाळ असेल तर बघा," असे आम्हांला आणि धर्मभगिनींना अनेकदा सांगितले जाते. बाळ ही अशी परस्पर 'बघण्याची' वस्तू नाही. दवाखान्यातून वा सुईणीच्या ओळखीने मूल उचलून आणणे हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी कायद्याने साठ दिवस दिले आहेत. तिचे ते साठ दिवस चोरणाऱ्याला आपण परोपकारी कसे म्हणावे? बहिणीचे वा दिराचे मूल घ्यावयाचे असले तरी रीतसर कागद झाले पाहिजेत, नाही तर उद्या वारसाच्या वेळी तेच मूल पोरके ठरते.

"मोठे मूल आपले होत नाही," हा दुसरा आक्षेप. सर्वांना तान्हे, गोरे, निरोगी बाळ हवे असते. त्यासाठी दांपत्ये वर्षानुवर्षे थांबतात, आणि सहा-आठ वर्षांची, आजारी वा अपंग मुले संस्थेतच मोठी होतात. मोठे मूल आपल्यासोबत आठवणी घेऊन येते, हट्ट करते, रात्री दचकते. हे आम्ही लपवणार नाही. पण पोटची मुले काय कमी दचकवतात? आणि दत्तक असल्याचे त्याला शेजाऱ्याकडून कळण्याआधी आईबापांनीच प्रेमाने सांगावे. या नात्यात लाजण्यासारखे काही नाही, मग लपवावयाचे कशासाठी?

प्रत्येक घराने दत्तक घ्यावेच असे आमचे म्हणणे नाही. काही मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. त्यांना दत्तक देता येत नाही, पण काही वर्षे एखाद्या घराचा आधार लागतो. कायद्यात अशा संगोपनाची तरतूद आहे, आणि आपल्या राज्याची बाल संगोपन योजनाही आहे. धर्मग्रामातील ज्या आजोबा-आजींनी, मामा-मावशींनी पोरकी भाचरे सांभाळली आहेत, त्यांना या योजनेचा अर्ज भरून देणे हेदेखील पुण्याचेच काम आहे. आणि कोणी असे समजू नये की ख्रिस्ती लोकसंख्या वाढावी म्हणून आम्ही हे सांगत आहोत. मुलाला घर मिळावे, एवढाच हेतू असेल तर पुढे यावे. दुसरा हेतू असेल त्याने घरीच राहिलेले बरे.

गडमुडशिंगीच्या त्या दांपत्याने आता चार वर्षांवरील मुलासाठी नोंदणी केली आहे. मागील महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो, सहा वर्षांपूर्वीच्या सल्ल्याबद्दल दोघांची क्षमा मागितली. आजी कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. या खेपेस त्यांनी रक्ताचा प्रश्न काढला नाही. "पोराला शाळंत कुठं घालायचं?" एवढेच त्यांनी विचारले.

येत्या नाताळातही आपण बालगृहात जाऊ. केक नेऊ, ब्लँकेटे नेऊ. मात्र जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरी बसून एकदा विचार करावा की, आपल्या घरात एका ताटाची जागा आहे का? नसेल तर प्रामाणिकपणे तसे म्हणावे, त्यात पाप नाही. पण असेल, आणि केवळ रक्ताच्या भीतीने ते ताट मांडले जात नसेल, तर आपण स्वतः कोणाच्या दयेने देवाच्या पंगतीत बसलो आहोत, हे त्या दिवशी आठवावे.